बेल्जियमचा ट्रक ‘कधी नव्हताच’? एका दाव्याचा प्रतिवाद

जुन्या वाहनांची आवड असलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर बराच काळ पुढे पाठवला जात आहे. त्याचा सारांश असा : बेल्जियमने स्वतःचा ट्रक कधी बनवला नाही, तेथील बॉडी बिल्डर (गाडीची केबिन आणि हौदा बांधणारे) म्हणजे परदेशी चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, लाकडी केबिन चढवणारे सुतार, 1957 साली रोमचा करार होऊन युरोपची सामाईक बाजारपेठ आली आणि त्यांचा धंदा बुडाला, आज त्या देशात ट्रकसंबंधी काहीही तयार होत नाही. ही चारही विधाने कमी-अधिक प्रमाणात चुकीची आहेत, कारण चौघांच्या मुळाशी एकच सवय आहे : गाडीच्या नाकावरचा बिल्ला वाचून तिचे गाव ठरवणे.

पहिले विधान तर बिल्ल्याच्या कसोटीवरही टिकत नाही. ब्रुसेल्सच्या ज्यूल मिएस यांनी 1894 साली कारखाना काढला. त्यांच्या वाफेच्या गाड्या इतक्या नावाजल्या की इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथे त्या परवान्याने ‘टर्नर-मिएस’ या नावाने तयार होत असत. मिएसचे ट्रक 1970च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत निघत राहिले. एर्स्टालची एफएन ही मूळची 1889ची बंदुका बनवणारी कंपनी, पण तिने मोटारी, मोटारसायकली आणि ट्रकही बनवले. ब्रुसेल्सची ब्रोसेल बस व ट्रकसाठी ओळखली जाई. पीप, बोव्ही आणि अँटवर्पची मिनर्व्हा ही नावे वेगळीच. दुसऱ्या महायुद्धानंतर एफएन, ब्रोसेल आणि मिएस या तिघांनी एकत्र येऊन बेल्जियन लष्कराला ट्रक पुरवले. एवढे मात्र मान्य करावे लागेल की इंजिनाच्या बाबतीत ही मंडळी पूर्णपणे स्वावलंबी नव्हती. मिएसच्या ट्रकमध्ये इंग्लंडच्या गार्डनरची डिझेल इंजिने बसत. पण गार्डनर इंजिन घेणारे ट्रक खुद्द इंग्लंडमध्येही अनेक होते, आणि म्हणून त्यांना कोणी ‘जोडकाम’ म्हटले नाही.

दुसऱ्या विधानात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपभर ट्रक विकला जाई तो बहुधा चॅसिस, इंजिन आणि बोनेट एवढ्याच रूपात. केबिन आणि मागचा हौदा ही गिऱ्हाइकाने निवडलेल्या बॉडी बिल्डरची कामगिरी असे. (उघड्या चॅसिसवर गॉगल लावून, तोंडाला फडके बांधून शेकडो किलोमीटर जाणारे चालक ज्यांनी आपल्या महामार्गांवर पाहिले आहेत, त्यांना ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही.) लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून आकार दिलेला पत्रा, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती, ती बेल्जियमची उणीव नव्हती. तेथील परंपरा घोडागाड्यांपासून आलेली होती : डिटेरेन घराण्याचा ब्रुसेल्समधील व्यवसाय 1805चा, तर रूसेलारेजवळच्या बेव्हेरन येथील आंरी योंकहीरे यांचा 1881चा. बस बांधण्यासाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या याच योंकहीरेंच्या कारखान्याने 1930च्या दशकात एका रोल्स-रॉइसवर गोल दारांची बॉडी चढवली. ती गाडी आजही पाहणाऱ्याला थांबवते.

‘सुतार’ या शब्दाला सर्वांत ठोस उत्तर मात्र दिमाखदार गाडीपेक्षा एका साध्या लष्करी गाडीतून मिळते. 1951 साली मिनर्व्हाने लँडरोव्हरशी करार केला. इंग्लंडहून सुटे भाग येत, पण बॉडी मिनर्व्हा स्वतः बनवी, आणि मूळ बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असताना मिनर्व्हाने ती पोलादी पत्र्याची केली. पुढचे मडगार्ड उतरत्या सपाट पत्र्याचे असल्यामुळे ही गाडी आजही दुरून ओळखू येते. दुसऱ्याचा आराखडा घेऊन तो आपल्या यंत्रांना आणि आपल्या गिऱ्हाइकाला मानवेल असा बदलणे हे सुतारकाम नव्हे, उत्पादन-अभियांत्रिकी आहे.

तिसरे विधान कालक्रमातच अडखळते. मिनर्व्हाचे दिवाळे 1934 साली, मंदीच्या काळात निघाले (लँडरोव्हरशी करार केला तो त्यानंतर नव्याने उभ्या राहिलेल्या मिनर्व्हाने). सामाईक बाजारपेठ तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. संपूर्ण वाहनांपेक्षा सुट्या भागांवर जकात कमी असल्याने परदेशी कंपन्यांनी बेल्जियममध्ये जोडणी-कारखाने उघडले, आणि त्या स्पर्धेचा ताण देशी नावांवर रोम कराराच्या कितीतरी आधीपासून होता. स्वतंत्र केबिन बांधणाऱ्यांना संपवले ते मुख्यतः पत्रा साच्यात दाबून आकार देणाऱ्या दाबयंत्राने. पोलादी केबिनचे साचे अतिशय महाग असतात आणि हजारो नग काढल्याशिवाय त्यांचा खर्च निघत नाही. त्यातच इंजिन उघडण्यासाठी पुढे कलणारी केबिन आली. तिच्या बिजागऱ्या, कुलपे, स्टिअरिंग आणि गिअरच्या जोडण्या चॅसिसबरोबरच आखाव्या लागतात, त्यामुळे केबिन नंतर चढवण्याची गोष्ट राहिलीच नाही. हा खर्च मोठ्यांनाही जड गेला : व्होल्व्हो, साव्हिएम, डाफ आणि माजिरुस-डॉइट्स या चार कंपन्यांनी 1970च्या दशकात चक्क एकच केबिन वाटून घेतली. जिथे या चौघांना भागीदारी करावी लागली, तिथे दहा-वीस माणसांच्या कारखान्याचा पाडाव समजण्यासाठी कराराकडे बोट दाखवण्याची गरज नाही. त्यांच्यापैकी जे तगले ते टिपर, टाक्या, ट्रेलर आणि बसकडे वळले. स्टाडेनच्या मोलने अवजड, खास कामांचे ट्रक बनवण्याची वाट धरली.

चौथ्या विधानाला 2024 सालानंतर थोडा आधार मिळाला आहे, हे नाकारता येणार नाही. 1947 पासून कोनिंग्सहोइक्ट येथे बस आणि ट्रेलर बांधणारी व्हान होल त्या वर्षी एप्रिलमध्ये दिवाळखोर झाली. बसचा भाग डच व्हीडीएलकडे आणि ट्रेलरचा जर्मन श्मिट्स कार्गोबुलकडे गेला. पण ‘काहीही तयार होत नाही’ हे तरीही असत्यच आहे. डाफ ही डच कंपनी, मात्र तिच्या ट्रकच्या केबिन आणि अ‍ॅक्सल बेल्जियममधील वेस्टरलो येथे तयार होतात आणि तेथून आइंडहोव्हनला जोडणीसाठी जातात. उलट गेंटच्या मोठ्या कारखान्यात व्होल्व्होचे ट्रक जोडले जातात, त्यांच्या केबिन येतात स्वीडनच्या उमिओहून. म्हणजे नेदरलँड्समध्ये जोडलेल्या ट्रकचा चालक बेल्जियन केबिनमध्ये बसतो आणि बेल्जियममध्ये जोडलेल्या ट्रकचा स्वीडिश केबिनमध्ये, आणि यातले काहीही बिल्ल्यावर लिहिलेले नसते.