फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात

आज सकाळी आमच्या अर्ध्या सोसायटीला न विचारता एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात ओढलं गेलं. डीपीवर हात जोडलेले भावी नगरसेवक, नाव ‘आपला प्रभाग, आपला परिवार’ आणि खाली पाटी: फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात. परिवार म्हणे!

चौथ्या मजल्यावरच्या काकूंना एक साधी गोष्ट विचारायची होती. पाणी पहाटे पाचला येतं आणि वरच्या मजल्यावर चढत नाही, तुम्ही काय करणार? ग्रुपात लिहिता येईना, म्हणून त्यांनी अ‍ॅडमिनला खासगीत लिहिलं. क्षणात उत्तर आलं, ‘आपल्या प्रेमाबद्दल व आशीर्वादाबद्दल मनःपूर्वक आभार.’ बिझनेस अकाउंटमध्ये आधीच भरून ठेवलेलं उत्तर. माणसाने काकूंचा मेसेज वाचलेलाच नाही.

याला म्हणे डिजिटल प्रचार. मतदाराला प्रचारात घ्यायचं तर त्याला काहीतरी विचारावं लागतं, करायला काहीतरी द्यावं लागतं, आणि तो जे लिहील ते कुणीतरी वाचावं लागतं. हे नसेल तर रिक्षावरचा भोंगा परवडला. तो निदान गल्लीतून पुढे जातो.

आणि हे नंबर येतात कुठून? मतदार यादीत फोन नंबर नसतात. मग कुणीतरी एक्सेल विकतं आणि कुणीतरी ती घेतं. त्यातले कित्येक बंद, कित्येक भलत्याच प्रभागातले. नव्या सिमवरून एका दमात शेकडो अनोळखी लोकांना मेसेज सोडले की लोक ब्लॉक करतात, रिपोर्ट करतात आणि ऐन प्रचारात नंबरच बॅन होतो. ब्रॉडकास्ट लिस्टची तर वेगळीच गंमत. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. पाठवणारा साहेबांना सांगतो ‘सगळ्यांना गेलं’. गेलं कुठे? बऱ्याच जणांना काहीच आलेलं नसतं.

नीट करायचं तर काम यादीपासून सुरू होतं. छायाचित्रांच्या मतदार यादीच्या एका पानावर ३० मतदार असतात. एक पान, एक कार्यकर्ता. पीडीएफ बहुतेक वेळा फोटोसारखी असते, त्यात नाव शोधता येत नाही. म्हणून भाग क्रमांक, अनुक्रमांक, नाव आणि पत्ता आधी शीटमध्ये उतरवून घ्यायचा आणि मूळ पानाशी ताडून पाहायचा, कारण मशीनने वाचलेली मराठी आडनावं हमखास बिघडतात. शिवाय एकाच इमारतीतली माणसं दोन यादी भागांत विखुरलेली असतात, कधी कधी नवरा एका केंद्रावर आणि बायको दुसऱ्या. हे आधी कळलं तर मतदानाच्या दिवशीची धावपळ वाचते.

मग घरी जायचं. हो, इंटरनेटच्या प्रचारासाठीसुद्धा घरी जावं लागतं! नंबर विचारून घ्यायचा, कशासाठी हवा ते सांगायचं, आणि उठण्याआधी कार्यालयाचा नंबर समोरच्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्यायचा. ग्रुप प्रभागाचा एकच नको, इमारतीचा किंवा गल्लीचा हवा, म्हणजे लिहिणारा कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं. दोन अ‍ॅडमिन तिथलेच. रात्री नऊनंतर मेसेज नाही, फॉरवर्ड अजिबात नाही. लिहायला सगळे मोकळे.

मोकळ्या ग्रुपात विरोधकांची माणसं शिरतात आणि भांडणं लागतात, हे खरं आहे. लागू द्यात.

फॉर्म काढलात तर प्रश्न चारच ठेवा: इमारत, अडचण, ती कधीपासून आहे, आणि शेवटी ऐच्छिक फोन नंबर. ओळखपत्राचा नंबर मागितला की लोक तिथेच फॉर्म बंद करतात, आणि बरोबर करतात. उत्तरांची शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडी ठेवू नका. घाईत हेच होतं, आणि अख्ख्या वॉर्डाचे नंबर गावभर फिरतात.

संध्याकाळी एका माणसाला फक्त उत्तरं द्यायला बसवा. काकूंना खरं उत्तर द्यायचं तर विचारावं लागेल की दाब मुख्य लाइनलाच कमी आहे की सोसायटीची खालची टाकी आणि पंप अपुरा पडतोय. पहिलं असेल तर पालिकेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक ग्रुपात टाकायचा. दुसरं असेल तर ‘हे आमच्या हातात नाही’ असं सांगायचं. तेवढ्याने मत मिळेलच असं नाही. पण हातात नाही असं कधी म्हणून तरी बघा की!

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवायला निघालेल्या हॉवर्ड डीनच्या माणसांनी २००३ मध्ये हे सगळ्यात आधी मोठ्या प्रमाणावर केलं. वेबसाइटवरून गावोगावच्या बैठका जुळवल्या, लहान लहान देणग्यांतून प्रचंड पैसा उभा केला. १९ जानेवारी २००४ ला आयोवा राज्यात पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान झालं, त्यात डीन तिसरा आला. बाहेरून आलेली हजारो उत्साही पोरं नारिंगी टोप्या घालून दारोदार फिरली, पण मत द्यायचं होतं आयोवाच्या माणसाने. पैसा उभा करायला इंटरनेट झकास, हे मी मुकाट्याने मान्य करते. शेजाऱ्याला घराबाहेर काढायला शेजारीच लागतो.

ग्रुप चालवणाऱ्या पोरांवर मात्र माझा राग नाही. विशीतली मुलं, सकाळी पोस्टर येतं, ती टाकतात. उत्तर द्यायची मुभाच त्यांना कुणी दिलेली नसते. काकूंना ‘आभार’ म्हणणारा तो फोनसुद्धा अशाच एखाद्या दमलेल्या पोराच्या खिशात असणार.

पोरांनो, पोस्टर कमी करा आणि मत कसं द्यायचं ते दाखवणारा एक मिनिटाचा उभा व्हिडिओ काढा. मुंबई सोडून बाकी महापालिकांत एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार जागा असतात, अ, ब, क, ड, म्हणजे एका मतदाराला चार बटणं दाबायची असतात. लोक एक दाबून निघायला बघतात, मग आतला कर्मचारी हाक मारतो, मागे रांग खोळंबते. व्हिडिओत मोठी अक्षरं टाका, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. आजी-आजोबांसाठी तेच अर्ध्या मिनिटाच्या ऑडिओत सांगा. आणि प्रचार थांबायच्या वेळेआधी शेड्यूल केलेल्या पोस्ट आणि पैसे भरलेल्या जाहिराती हाताने बंद करा, त्या आपोआप थांबत नाहीत.