किनाऱ्यावरची एटीव्ही बागेत आणण्याआधी

गेल्या महिनाभरात बागायतदारांच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरून आला. सारांश असा: पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारायला देतात त्या एटीव्ही (जाड टायरांच्या, हँडलच्या चारचाकी गाड्या, यांनाच क्वाड म्हणतात) स्वस्तात निघतात, त्या बागेसाठी घ्या. फक्त सीझनपुरत्या चाललेल्या असतात, चार चाकं असल्यामुळे उलटत नाहीत, फवारणीचा ड्रम वाहतात, पॉवर टिलरची गरज उरत नाही आणि लायसन्स-पासिंगची कटकट नाही. राजापूरकडे कातळावर माझी आंब्याची कलमं आहेत. चार वर्षांपूर्वी अशीच एक गाडी घेऊन मी फसलो, म्हणून हे लिहायला बसलो.

'सीझनपुरती चाललेली' हे आधी घेऊ, कारण मी फसलो ते तिथेच. पुळणीवरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरच्या, गाडीचं वय महिन्यांत मोजायचं नसतं. तापलेल्या वाळूत दिवसभर फेऱ्या, आणि दर पाच-दहा मिनिटांनी नवा माणूस अंगठ्याने थ्रॉटल दाबतोय. बारीक वाळू एअर फिल्टर चुकवून आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासतात, मग रेस केल्यावर निळा धूर येतो. धूर निदान दिसतो तरी. खाऱ्या पाण्याचं काम गुपचूप चालतं. चासीचे पाइप पोकळ. वेल्डिंगच्या जोडापाशी, फूटरेस्टखाली, मागची चाकं धरणाऱ्या दांड्यामध्ये (स्विंगआर्म) गंज आतून बाहेर येतो आणि बाहेरून काळा स्प्रे मारून ठेवलेला असतो. माझ्या गाडीचा रंग इतका चकचकीत होता की तेव्हाच शंका यायला हवी होती. घरी आणल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाइप ठोकत गेलो. कुठे टण् वाजे, कुठे भद्. भद् वाजलं तिथे टोक दाबलं, तर आरपार. विकणाऱ्याने हात वर केले, आणि कागद म्हणून माझ्याकडे होती वहीच्या पानावरची पावती.

तेव्हा ठोकून बघाच. वायरिंगचे दोन-तीन कपलर उघडा. आतल्या पिना हिरव्या पडल्या असतील तर सगळं वायरिंग बदलायची तयारी ठेवा. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिनात पाणी शिरलंय, तिथून सरळ घरी या.

'चार चाकं, उलटत नाही' हे मात्र जिवावरचं आहे. ऑस्ट्रेलियात शेतांवर या गाड्या उलटून इतकी माणसं दगावली की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या आणि बाहेरून आणलेल्या जुन्या शेतीच्या क्वाडला, उलटल्यावर चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी चौकट सक्तीची झाली. आपल्या पुळणीवरच्या गाड्यांना ती नसते. गाडी आखूड, अरुंद, आणि बसणारा उंचावर. शिवाय या स्वस्त गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला डिफरेन्शियल नसतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना एका चाकाला घसरावंच लागतं. वाळूत ते आरामात घसरतं. कोरड्या जांभ्या दगडावर चाक धरून ठेवतं, गाडी नाकासमोर जायला बघते, चालक हँडल आणखी दाबतो आणि मग एकदम झटक्यात वळते. आपल्या बागा उताराच्या, खाली गडगा (दगडी बांध), गडग्याखाली पुढचा टप्पा. दोनशे किलोची गाडी अंगावर आली तर एकट्याने उचलता येत नाही, आणि दुपारी बागेत दुसरं असतं कोण?

हवेचाही एक घोळ आहे. या टायरांत साधारण ४ ते ७ पीएसआय हवा लागते. पंक्चरवाला सवयीने स्कूटरएवढी, २५-३० भरून देतो. मग प्रत्येक दगडावर गाडी उडते आणि लोक शॉकॲबला शिव्या घालतात.

ड्रमचं गणित तर साधं आहे. २०० लिटरचा ड्रम भरला की पाण्याचंच २०० किलो वजन, म्हणजे जवळपास गाडीएवढं, त्यात अर्धा रिकामा झाल्यावर ते डचमळतं. मागच्या कॅरिअरवर किती चालतं ते गाडीवरच्या कंपनीच्या मूळ पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टी उपटलेली असेल तर दोन क्रेट आंब्यावर थांबा. चढावर मागे वजन घेऊन गेलात की पुढची चाकं उचलायला फार वेळ लागत नाही.

पॉवर टिलरबद्दल काय बोलायचं! चिखलणी करणारं यंत्र वेगळं, हे वेगळं. रोटाव्हेटर फिरवायची सोयच यात नसते.

आता पासिंग. कटकट नाही, कारण बहुतेक गाड्यांचं पासिंग होतच नाही. ट्रॅक्टर म्हणून मंजुरी घेतलेलं एखादं मॉडेल अपवाद. मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा, म्हणजे वाडीतली पाणंदसुद्धा आली. घराकडून बागेत जाताना रस्ता ओलांडावा लागत असेल तर बिननोंदणीची, बिनविम्याची गाडी घेऊन तुम्ही रस्त्यावर आहात. अपघात झाला तर भरपाई खिशातून.

मेसेजमधलं एक मात्र खरं. कलमांच्या खालच्या फांद्यांतून पिकअप जात नाही, तिथे क्वाड जाते, आणि तोडणीच्या दिवसांत डोक्यावरचे क्रेट वाचतात. त्यासाठी घ्यायचीच तर चेनऐवजी शाफ्टवर चालणारी, लो गिअर असलेली फोर बाय फोर (चारही चाकांनी ओढणारी) शोधा, आणि शक्यतो किनाऱ्यापासून लांब वापरलेली. महाग पडते, मान्य.

बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि स्टार्ट करायला सांगण्याआधी इंजिनवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच कुणीतरी खटपट करून ती चालू केली आहे. पहिल्या गाडीनंतर मी आणखी तीन बघितल्या. तिन्ही गरम होत्या.