‘अनलॉक्ड’ फोन म्हणजे कोणत्याही सिमवर चालणारा फोन नव्हे

बोटाने दाबायच्या खऱ्या कळांचा कळफलक असलेल्या स्मार्टफोनची भलामण करणारा एक लांबलचक संदेश आमच्या देवगड भागातल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. फोन अनलॉक्ड असला की कोणतेही सिम चालते, रेंजच्या कांड्या दिसल्या की कॉल लागतोच, ४जी फोन सगळ्या देशांत सारखाच असतो, जुने ब्लॅकबेरी आजही पूर्वीसारखे चालतात आणि कळांवर मराठी लिहिणे सोपे जाते, असे त्यात ठासून सांगितले आहे. हा संदेश वाचून माझ्या काकांनी परदेशातून आलेला एक वापरलेला फोन घेतला, आणि ऐन आंब्याच्या हंगामात, वाशीला जायच्या पेट्या खळ्यात रचून ठेवलेल्या असताना, टेम्पोवाल्याचा फोन त्यांना लागेना. टेम्पोवाल्याला काका संपर्क क्षेत्राबाहेर असल्याचे ऐकू येत होते, आणि इकडे काकांच्या हातातल्या फोनवर चार कांड्या दिसत होत्या, व्हॉट्सॲपवर फोटोही येत होते. ‘रेंज तर आसा, मगे फोन कित्याक लागणा नाय?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

अनलॉक्ड याचा अर्थ एवढाच की विकणाऱ्या कंपनीने फोन आपल्याच सिमला जखडून ठेवलेला नाही. त्या सिमवरून कॉल होईल की नाही, हे त्यातून मुळीच कळत नाही. कांड्या फक्त टॉवरचा सिग्नल पोहोचल्याचे सांगतात. कॉल कोणत्या मार्गाने जायचा हा प्रश्न निराळा आहे. जिओचे जाळे २०१६ साली सुरू झाले तेच मुळी ४जीवर, त्याखाली २जी किंवा ३जी नाही. त्यामुळे तिथे आवाजही डेटासारखाच, व्होल्टी (VoLTE), म्हणजे ४जीवरूनच कॉल नेण्याच्या पद्धतीने जावा लागतो. त्यासाठी फोनमध्ये व्होल्टीची सोय असून भागत नाही, तर त्या कंपनीच्या जाळ्यासाठीची मांडणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या उत्पादकाने घातलेली असावी लागते. ती नसेल तर इंटरनेट सुरळीत चालते आणि कॉल मात्र ना येतो ना जातो. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचे २जी अजून चालू असल्याने तिथे असा फोन कॉलपुरता २जीवर उतरतो आणि बोलणे होते; संदेश लिहिणाऱ्याचा अनुभव तसाच असावा, हे मी मान्य करतो. पण तेवढ्यावरून ‘कोणतेही सिम’ असे लिहिणे साफ चूक आहे, आणि रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ते धोक्याचेही आहे.

जुन्या ब्लॅकबेरीविषयीचा दावा तर खुद्द त्या कंपनीनेच खोडून काढलेला आहे. ब्लॅकबेरी ७.१ व त्याआधीच्या आणि ब्लॅकबेरी १० या प्रणालींच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबवताना डेटा, कॉल, एसएमएस आणि आपत्कालीन क्रमांक यांपैकी काहीही यापुढे खात्रीने चालेल असे धरू नये, असे तिने जाहीर केले होते. कीवन आणि की२ हे ब्लॅकबेरी नावाचेच, पण अँड्रॉइडवरचे फोन त्यातून वगळले होते हे खरे. पण २०१८ चा की२ अधिकृतपणे अँड्रॉइड ८च्या पुढे गेलाच नाही, तेव्हा सुरक्षेच्या सुधारणा थांबलेल्या त्या फोनवर बँकेचे व्यवहार करावेत असे मी कोणाला सांगणार नाही.

४जी सगळीकडे सारखे नसते. जिओचे ४जी ३, ५ आणि ४० या बँडांवर (बँड म्हणजे ठरवून दिलेला वारंवारितेचा पट्टा), म्हणजे १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते; बीएसएनएलच्या नव्या ४जीत ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ महत्त्वाचा आहे. कमी वारंवारितेची लहर डोंगराआड आणि जांभ्याच्या जाड भिंतींतून अधिक आत पोहोचते, म्हणून आमच्यासारख्या दरडीखालच्या घरात बँड ५ किंवा २८ नसलेल्या फोनला अंगणात रेंज मिळते आणि माजघरात ती जाते. २०२५ साली आलेला युनिहर्ट्झ कंपनीचा टायटन २ हा कळांचा फोन ५जी असला तरी त्याचीही बँडांची यादी आधी वाचावी.

मराठीचे म्हणाल तर या कळांवर रोमन अक्षरे छापलेली असतात. देवनागरीसाठी लिप्यंतरावर, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेले देवनागरीत बदलून घेण्यावर विसंबावे लागते, नाहीतर काचेवरचाच कळफलक उघडावा लागतो.

एक गोष्ट मात्र मला कबूल करावी लागते. कलमे बांधून आणि चीक लागून काकांची बोटे इतकी राठ झाली आहेत की काच त्यांचा स्पर्श धड ओळखत नाही. कळ दाबली की ती दाबल्याचे त्यांना बोटाला कळते. त्यांची गरज खरी आहे, आणि म्हणूनच तिच्या आधारे अर्धवट माहिती पसरवलेली मला सहन होत नाही.

असा फोन घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याकडून परत घेण्याची लेखी हमी घ्यावी. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक पाहावा आणि इंग्रजीत ‘केवायएम’ (KYM) लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. फोनचा खरा मेक व मॉडेल कळतो, तो काळ्या यादीत आहे का तेही कळते, व्होल्टीविषयी मात्र काहीच कळत नाही. त्यासाठी आपले रोजचे सिम घालून, वायफाय बंद करून, माजघरात उभे राहून एक कॉल करावा आणि एक घ्यावा. बोलणे चालू असताना वरची ४जीची खूण तशीच राहिली तर व्होल्टी चालू आहे. ती जाऊन ई (E, म्हणजे २जीचीच खूण) किंवा २जी आले तर नाही. काकांच्या फोनवर आम्ही ही परीक्षा पैसे दिल्यानंतर केली, आणि विकणाऱ्याने तो परत घेतला नाही.