बॉनेटवरचा डाग का राहिला: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

आमच्या पॉलिश-कोटिंगच्या कामाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. एक स्टार बघून आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या तक्रारींपैकी एक सरळ आमच्याच पदरात पडते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

"सिरॅमिक कोटिंग केलं की ओरखडा पडणारच नाही" असं काउंटरवरच्या मुलाने सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. त्याला विचारलं, तो तसं बोलला होता. चूक आमची, माफ करा. कोटिंगचा थर असतो जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी घरंगळून जातं, मळ घट्ट बसत नाही, धुणं सोपं होतं, एवढंच त्याचं काम. खडी उडून टवका निघू नये असं वाटत असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावावी लागते. ती फिल्म दीडशे-दोनशे मायक्रॉनची, खर्चही वेगळा. हे गाडी कामाला घेतानाच सांगायला हवं होतं.

आता बॉनेट. "तीन दिवस गाडी ठेवून घेतली आणि पक्ष्याच्या विष्ठेचा डाग तसाच" असं तुम्ही म्हणता. तो रंगावर बसलेला डाग असता तर दहा मिनिटांत निघाला असता. तो खळगा आहे. उन्हात तापलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मऊ पडतो, त्यात विष्ठेतलं आम्ल मुरतं आणि गाडी थंड झाली की तो आकार तिथेच राहतो. खळगा घालवायचा म्हणजे आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या पातळीला आणायचा. पॉलिशचं मशीन लावण्याआधी मी गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, फिरवलं: बॉनेटवर सगळीकडे 115 ते 120 मायक्रॉन आणि नेमकं डागापाशी 84. म्हणजे आमच्याआधी कोणीतरी तिथे जोर लावून रबिंग केलेलं आहे. गेज सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, वरचा क्लिअर कोट नेमका किती उरलाय ते सांगत नाही. कंपनीच्या रंगात तो साधारण चाळीसच्या आसपास असतो. त्यातले तीसेक आधीच गेले असतील तर उरलं काय? तरी मऊ पॅडवर दोन हात मारले. कडा बोथट झाल्या, डाग फिका झाला. तिसऱ्या हाताला मी मशीन बंद केलं.

थांबलो त्याचं वाईट वाटत नाही. पण थांबलो त्या क्षणी तुम्हाला फोन करून बोलवायला हवं होतं, गेज तुमच्या हातात द्यायला हवं होतं. ते न करता गाडी धुऊन चावी दिली, मग तुम्हाला टाळाटाळ वाटली यात नवल नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी "एका दिवसात आरशासारखी करून देतो" म्हणाले, असंही तुम्ही लिहिलंय. देतीलही. पण भराव असलेलं पॉलिश ओरखड्यांत बसतं, दोन-चार धुण्यांत निघून जातं आणि सगळं पुन्हा दिसायला लागतं. काम झाल्यावर तिथेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक पट्टा पुसून घ्या आणि तिरक्या उजेडात बघा. आमच्याकडेही खुशाल असंच तपासा.

डाव्या दारावरच्या ओरखड्यात नख अडकतं. नख अडकलं की तो सहसा क्लिअर कोटच्या खाली गेलेला असतो, तिथे पॉलिशचं काम संपलं. टचअप करू, जवळून बघितल्यावर दिसेल, चार हातांवरून नाही.

महिन्याभरात छतावर पुन्हा बारीक ओरखड्यांची जाळी दिसायला लागली, त्याचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: "रोज सकाळी कोरड्या कपड्याने पुसतो, एवढी काळजी घेतो." सर, काळजी मनापासून घेता, पण कोरडी धूळ आणि कोरडं फडकं म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. आधी पाण्याचा फवारा मारून धूळ उतरवायची, मग शाम्पू आणि स्वच्छ मायक्रोफायबर. फडकं खळबळायची बादली वेगळी. वेळ नसेल त्या दिवशी गाडी धुळीची राहू द्या, तिला काही होत नाही.

आमच्याकडून इतकं करतो: छत आणि दारांना हलकं फिनिशिंग आणि नवीन कोटिंग, पैसे न घेता. बॉनेटला मशीन लावणार नाही. डाग खुपतच असेल तर बॉनेट नव्याने रंगवणं हाच उपाय. तसं केलंत तर रंग पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे रंगवणारा सांगेल तितके दिवस, त्यावर कोटिंग करायला कोणालाही देऊ नका, आम्हालासुद्धा.

येण्याआधी फक्त एक फोन करा, म्हणजे गेज आणि दिवा घेऊन मी स्वतः थांबतो. आणि गाडी पुसून आणू नका. आहे तशी, धुळीसकट आणा.