ट्रेनिंग फीमध्येच आहे म्हणे!

परवा एका मित्राचा फोन आला. फिटनेस स्टुडिओची फ्रँचायझी घेतोय, सही तेवढी राहिली आहे. "आणि ट्रेनिंगचा खर्च शून्य रे, फ्रँचायझी फीमध्येच धरलाय!" असा स्टुडिओ चार वर्षं चालवून बाहेर पडलेला माणूस आहे मी. हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो.

कारण कोणाचं ट्रेनिंग, हे त्या वाक्यात कोणी सांगत नाही. बहुतेक वेळा फीमध्ये असतं ते मालकाचं आणि फार तर एका मॅनेजरचं, तेही पहिल्या खेपेचं. जाणं-येणं, राहणं, जेवण आपल्याच खिशातून. मॅनेजर सोडून गेला की नव्या मॅनेजरच्या ट्रेनिंगची फी वेगळी. ब्रँडचा माणूस शिकवायला स्टुडिओत आला तर त्याचा दिवसाचा दर, वर त्याचं तिकीट आणि हॉटेल. वार्षिक संमेलनाला गेला नाहीत तरी फी भरा, अशीही कलमं मी वाचली आहेत. कंटाळून स्टुडिओ विकायला काढलात, तर घेणाऱ्याच्या ट्रेनिंगची फी पुन्हा आहेच.

हे सगळं एकवेळ परवडलं. कंबरडं मोडतं ते ट्रेनरपायी.

योग शिकवणाऱ्याचा पायाभूत कोर्स २०० तासांचा असतो. पिलाटेस या व्यायामप्रकाराचा पूर्ण कोर्स साधारण ४५० ते ५०० तासांचा. लेस मिल्स या ब्रँडच्या ठरलेल्या ग्रुप क्लासना दर तीन महिन्यांनी नवी कोरिओग्राफी येते, ती प्रत्येक वेळी बसवावी लागते. वर ब्रँडची स्वतःची पद्धत. तयार माणूस मिळत नाही, म्हणून मालकच शिकवून घेतो. तो शिकत असताना मानधन चालू, जागेचं भाडं चालू, क्लास मात्र बंद.

आणि शिकून झालं की तो जातो! कोणाला दुसरीकडे तासाला जास्त मिळतात, कोणी स्वतःचंच काढतो. राग येतो, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

सुरुवातीला ८ ट्रेनर तयार केले आणि वहीत तो खर्च 'एकदाच' या रकान्यात लिहिला. माझी सगळ्यात महागडी चूक तीच. दर वर्षी सरासरी ३ जण जायचे. करार १० वर्षांचा. या वेगाने ३० नवे, म्हणजे ८ जणांचा नव्हे, ३८ जणांचा खर्च धरायला हवा होता. बाँड लिहून घेण्याचा उपायही करून पाहिला. माणूस थांबला, पण मन लावून शिकवेना. अशा ट्रेनरचा पहाटे सहाचा क्लास कसा होतो, ते मेंबरांना विचारा.

तिकडे रॉयल्टी, म्हणजे ब्रँडला नियमित द्यायचा वाटा, बहुतेक ठिकाणी एकूण विक्रीवर, नफ्यावर नाही. ट्रेनर गेला, त्याच्यामागे मेंबर गेले, तोटा माझा. तोट्याच्या महिन्यातही ठरल्या तारखेला पैसे खात्यातून वळते झालेच. ब्रँडने रॉयल्टी घ्यावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण बदली ट्रेनर शिकवण्यावरही नफा कमवायचा, हे मला पटत नाही. तो शिकला तर विक्री वाढते, आणि विक्रीतला वाटा ब्रँडला मिळतोच ना? क्रॉसफिट हा व्यायामाचा ब्रँड त्याचं नाव वापरणाऱ्या संलग्न जिमकडून टक्केवारी न घेता ठरावीक वार्षिक फी घेतो. तिथे निदान गणित साधं आहे.

अमेरिकेत करारावर सही करण्याच्या किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी फ्रँचायझीचं माहितीपत्रक हातात द्यावं लागतं. त्यात २३ बाबी असतात. सगळे पाचवी वाचतात, कारण तिथे सुरुवातीची फी आहे. मित्राला म्हटलं, असा कागद नसेल तर मागून घे आणि सहावी वाच. बाकीच्या सगळ्या फी तिथे असतात. अकरावीत ट्रेनिंग. विसावीत गेल्या वर्षी सोडून गेलेल्या मालकांची नावं आणि संपर्क. मी त्या वेळी फक्त ब्रँडने सुचवलेल्या खुशीतल्या मालकांना फोन केले होते. सोडून गेलेल्यांना एकही नाही.

त्याने ती यादी मागितली आहे, अजून आलेली नाही. तुमच्यापैकी कोणी स्टुडिओ चालवत असाल, तर बदली ट्रेनरसाठी आजवर किती वेळा फी भरलीत ते खाली लिहा. त्याला वाचायला पाठवतो.