हिरवा ठिपका पिवळा झाला की: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

ऑनलाइन ताण-व्यवस्थापन कार्यक्रमात कर्मचारी टिकवायचे कसे, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माणसं कामाच्या ओझ्याखाली पिचलीत, कंपनी त्यांना एक अ‍ॅप देऊन हात झटकते, आणि त्यावर मी बॅज न् लीडरबोर्डच्या युक्त्या सांगत बसते. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असं लिहिलंत. शेवटी विचारलंत, ‘तुम्ही स्वतः असा एक तरी कोर्स पूर्ण केलाय का?’ त्या प्रश्नाकडे मीही शेवटीच येते.

लीडरबोर्डबद्दल चुकलेच. ताण कमी करण्यात पहिला नंबर कोणाचा, याची यादी लावायची हा खरं तर विनोद आहे आणि मी तो गंभीर चेहऱ्याने लिहिला. तो परिच्छेद काढलाय, काढल्याची नोंदही तिथे ठेवलीय.

आगीच्या, म्हणजे कामाच्या ओझ्याच्या, बाबतीतही मी बरीचशी तुमच्याच बाजूला आहे. कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवायचा अधिकार मात्र नाही, या जोडीतून ताण वाढतो, हे संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकलेला नाही. कामाची रचना सुधारणं आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणं यांचाही त्यात समावेश आहे. आणि विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ चा अभ्यास तर तुम्ही हत्यार म्हणून वापरावा असा आहे. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती त्यांनी तपासली. माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवण्याचा सराव), अ‍ॅप, ताणावरचे वर्ग यांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळले नाहीत.

पण म्हणून ‘हे सगळं बंदच करा’ इथपर्यंत मी येत नाही. जर्मनीत सात सत्रांच्या एका ऑनलाइन कार्यक्रमाची २६४ कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून. कार्यक्रम केलेल्यांचा ताण प्रतीक्षा यादीतल्यांपेक्षा, म्हणजे ज्यांना तो नंतर मिळणार होता त्यांच्यापेक्षा, स्पष्टपणे कमी झाला आणि सहा महिन्यांनीही तो फरक टिकून होता. मात्र तिथे आलेली माणसं स्वतःहून आली होती, त्यांचा ताण मुळातच जास्त होता आणि प्रत्येक सत्रानंतर त्यांनी लिहिलेलं वाचून उत्तर देणारं कोणीतरी होतं. या तीन गोष्टी काढून घेतल्यात, की तुम्ही म्हणता तसा सोमेश्वरीचा बंब उरतो.

आता एक प्रसंग सांगते. एका कंपनीत मी एचआरमध्ये होते, तेव्हा असाच कार्यक्रम आम्ही आणला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने जेवणानंतर मोबाइलवर सात मिनिटांचा श्वासाचा व्यायाम लावला, कानात हेडफोन, डोळे मिटलेले. पाच मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही, म्हणून ऑफिसच्या चॅटवरचा त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला. मिनिटभरात स्क्रीनवर साहेबांचा मेसेज: ‘आहात का?’ त्याने डोळे उघडले, वाचलं, हेडफोन काढून ठेवले. पुन्हा कधी त्याला ते लावताना पाहिलं नाही. महिनाअखेरीच्या आमच्या तक्त्यात तो ‘प्रतिसाद कमी’ या रकान्यात गेला आणि त्याला आठवणीचा मेल पाठवला कोणी, तर मी.

पुढच्या फेरीत वरून सगळ्यांना ‘करून टाका’ असा निरोप आला. मग काय, मीटिंगमध्ये एका कानाने ऐकत लोक पुढे, पुढे, पुढे दाबत सुटले. सरळ पाट्या टाकणं. आकडे मात्र झकास आले. कार्यक्रम कामाच्या वेळेत आणि कॅलेंडरवर वेळ राखून ठेवायचा, त्या वेळात मेसेज करायचा नाही आणि हे आधी साहेबाने स्वतः पाळायचं, ही गोष्ट मूळ लेखात एका ओळीत उरकली होती. ती सगळ्यात वर हवी होती.

‘आठवणीच्या मेलने कोण टिकतं?’ असं तुम्ही विचारलंत. मशीनच्या मेलने फारसं कोणी नाही. माणसाच्या मेलने टिकतात. संशोधक डेव्हिड मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यामागचं कारण छान मांडलंय: आपली वाट पाहणारं, आपलं भलं चिंतणारं कोणीतरी आहे हे ठाऊक असलं की आपण परत येतो. त्याच जर्मन कार्यक्रमाच्या चाचण्यांत पुढे असंही दिसलं, की प्रत्येक सरावावर सविस्तर अभिप्राय मिळालेले आणि नुसतीच ‘कुठे अडलंय का?’ अशी विचारपूस झालेले जवळपास सारखेच टिकले. एकटे सोडलेले मागे पडले. म्हणजे फार मोठा तज्ज्ञच लागतो असं नाही. विचारणारा लागतो. फक्त तो पगारवाढ ठरवणारा नसावा.

इथेच गोपनीयतेचा मुद्दा येतो, जो तुम्हीही सोडलात आणि मीही. लॉगिन एम्प्लॉयी कोडने, आणि पहिलाच प्रश्न: ‘तुमच्या ताणाचं मुख्य कारण काय?’ एक बाई माझ्यासमोर तो फॉर्म भरत होत्या. कर्सर ‘वरिष्ठांची वागणूक’ यावर गेला, थांबला, खाली सरकला आणि त्यांनी ‘इतर’ निवडलं. मग माझ्याकडे बघून हसल्या. त्या क्षणी त्या कार्यक्रमातून बाहेर पडल्या होत्या, नंतर कितीही सत्रं पूर्ण करोत. खाजगी मेलवरून नोंदणी, माहिती बाहेरच्या संस्थेकडे, कंपनीला फक्त एकत्रित आकडे आणि पाच-सहा जणांच्या टीमचे तर तेही नाहीत. एवढं पहिल्या पानावर साध्या भाषेत लिहिलेलं नसेल, तर लोक खोटं लिहितात. मीही लिहिलं असतं.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी भांडण आहे. मध्येच सोडणारा प्रत्येक जण म्हणजे कार्यक्रम फसल्याचा पुरावा, असं तुम्ही धरता. (एचआरवालेही तेच धरतात, ही गंमत.) ऑनलाइन उपक्रमांतून माणसं मोठ्या संख्येने गळतातच. संशोधक गुंथर आयसेनबाख यांनी २००५ मध्ये त्याला ‘गळतीचा नियम’ असं नावच दिलं. पण कंटाळून गेलेला, घाबरून गेलेला आणि हवं ते मिळालं म्हणून गेलेला, तिघेही तक्त्यात एकाच रकान्यात बसतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, पूर्ण केलेला नाही. नंतरच्या नोकरीत मी स्वतः एक आठ आठवड्यांचा कार्यक्रम घेतला. तिसऱ्या आठवड्यात ताण देणाऱ्या गोष्टींची यादी करून प्रत्येकीपुढे ‘माझ्या हातात’ किंवा ‘हातात नाही’ असं लिहायचं होतं. दर रविवारी रात्री पाठवायचा एक अहवाल मी ‘हातात नाही’मध्ये टाकला. आमचं लिहिलेलं वाचणाऱ्या कोचने एका ओळीत विचारलं, ‘हे कोणाला विचारून पाहिलंय?’ सोमवारी विचारलं. रविवारी तो कोणी मागितलेलाच नव्हता. माझ्या आधी त्या जागेवर असलेल्यांची ती सवय होती. चौथा आठवडा वरवर केला, पाचव्यात उघडलंच नाही. बाकी कामाचं ओझं तेवढंच राहिलं, तिथे तुमचं म्हणणं खरं. त्या कंपनीच्या तक्त्यात माझ्यापुढे अजून ‘अपूर्ण’ असेल.