बंदर शंकूबाहेर होतं, तरी जहाज तिथे का गेलं नाही?

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेचा सारांश आधी देतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. माझा लेख वाचून तुम्ही अटलांटिकमधल्या वादळाच्या अंदाजाचा शंकू, म्हणजे वादळ पुढे कुठून जाऊ शकतं ते दाखवणारा नकाशावरचा रुंदावत जाणारा पट्टा, रोज पाहत होतात. तुमच्या क्रूझच्या मार्गातलं कॅरिबियनमधलं बंदर शंकूच्या बाहेर होतं आणि वादळाचं केंद्र तिथून सुमारे ७०० किलोमीटरवरून जाणार होतं. तरीही तीन दिवस आधीच ते बंदर वगळल्याचं कळवण्यात आलं. त्यावरून तुम्ही म्हणता की एक तर शंकू बघण्यात अर्थ नाही, नाहीतर कंपनीने इंधन वाचवलं.

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी आहे. 'बंदर शंकूबाहेर असेल तर निर्धास्त राहा' हे वाक्य मी लिहायलाच नको होतं, ते आता काढलं आहे. शंकू फक्त वादळाचं केंद्र कुठून जाईल ते सांगतो. मायामीचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र गेल्या पाच वर्षांतल्या आपल्याच अंदाजांच्या चुका मोजतं आणि त्यांतल्या दोन तृतीयांश ज्यात मावतील एवढी वर्तुळं काढतं. ती वर्तुळं जोडली की शंकू होतो. म्हणजे वादळाचं केंद्रसुद्धा शंकूबाहेर जाऊ शकतं. वादळ केवढं पसरलं आहे, हे तर त्यात कुठेच नसतं.

जहाजावरचे अधिकारी वेगळं बुलेटिन वाचतात. त्याच हरिकेन केंद्राचं सागरी बुलेटिन दर सहा तासांनी निघतं, आणि त्यात वाऱ्याचा पसारा चार दिशांना सागरी मैलांत दिलेला असतो. समजा त्यात '३४ नॉट : ईशान्य १२०, आग्नेय ९०, नैर्ऋत्य ६०, वायव्य १००' असं आहे. याचा अर्थ ३४ नॉटचा, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरचा वारा केंद्रापासून ईशान्येला १२० सागरी मैलांपर्यंत पोचतो. या आकड्यात खलाशी अंदाजातल्या चुकीसाठी आणखी अंतर मिळवतात : २४ तासांच्या अंदाजाला १०० सागरी मैल, ४८ तासांच्या अंदाजाला २०० आणि ७२ तासांच्या अंदाजाला ३००. याला १-२-३ नियम म्हणतात.

आता तुमचं उदाहरण घेऊ. तीन दिवसांनंतरचा अंदाज, म्हणून १२० अधिक ३००, एकूण ४२० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ ७८० किलोमीटर. तुमचं बंदर ७०० वर होतं. वादळाचा पसारा मी नमुन्यादाखल धरला आहे, पण मध्यम आकाराच्या वादळालाही हा हिशोब लागू पडतो. त्या दिवशी कप्तानाच्या नकाशावर तुमचं बंदर टाळायच्या पट्ट्यातच होतं.

दुसरं कारण लाटांचं. वादळाने उठवलेल्या लांब लाटा, म्हणजे स्वेल, वाऱ्याच्या कितीतरी पुढे धावतात. आकाश निळं, वारा मंद आणि तरी किनाऱ्यावर पाणी आपटतंय, असं दृश्य हजार किलोमीटर दूरच्या वादळामुळेही दिसू शकतं. जहाज धक्क्याला लागत असेल तर निदान प्रयत्न तरी करता येतो. ग्रँड केमनच्या जॉर्ज टाउनसारख्या ठिकाणी मात्र जहाज बाहेरच उभं राहतं आणि प्रवाशांना टेंडर बोटीने नेतात. मोठ्या लाटेत ती बोट जहाजाच्या दाराशी वरखाली होत राहते. वयस्कर माणसाचा पाय नेमका त्याच क्षणी फळीवर असतो. त्यामुळे टेंडरची बंदरं सगळ्यात आधी वगळली जातात. तुमच्या मार्गातली कोणती बंदरं टेंडरची आहेत, हे बुकिंगच्या वेळीच पाहून ठेवा.

वाऱ्याचंही तसंच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून २० नॉटच्या तुलनेत ३४ नॉटचा वारा जहाजाला जवळपास तिप्पट जोराने ढकलतो. तीनशे मीटर लांब आणि इमारतीएवढं उंच जहाज अरुंद खाडीत फिरवताना हा फरक फार मोठा ठरतो. खुल्या समुद्रात उलट जहाजाचीच बाजू वरचढ असते. ते २० नॉटच्या आसपास जातं आणि वादळ बहुधा १० ते १२ नॉटने सरकतं, त्यामुळे वळसा घालता येतो. म्हणूनच क्रूझ रद्द क्वचित होते, मार्ग मात्र सर्रास बदलतो.

इंधनाच्या आरोपाशी मी सहमत नाही. वळसा घालण्यात इंधन वाचेलच असं नाही, आणि बंदर वगळलं की कंपनीला स्वतः विकलेल्या किनारी सहलींचे पैसे परत करावे लागतात.

अमेरिकेतून निघणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे तिथल्या तटरक्षक दलाने जाहीर केलेली बंदराची स्थिती. झंझावाती वारे ७२ तासांत अपेक्षित असतील तर 'व्हिस्की' नावाची स्थिती, ४८ तासांत एक्स-रे, २४ तासांत यँकी आणि १२ तासांत झुलू. झुलू लागू झालं की बंदर बंद. वादळ गेल्यावरही ते लगेच उघडत नाही. आधी खाडीची खोली आणि बोयांच्या (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) जागा तपासतात. त्यामुळे परतीचं विमान जहाज पोचण्याच्या दिवशीच ठेवू नका आणि रोजची औषधं निदान तीन दिवस जास्त न्या.

बुलेटिनची वेळ बघायला विसरू नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेनुसार पूर्ण बुलेटिन पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता येतं. फिरत फिरत आलेला नकाशा पुष्कळदा कालचा असतो. १ ऑक्टोबर २०१५ ला 'एल फारो' हे मालवाहू जहाज होआकिन वादळात बुडालं आणि ३३ जण गेले. कप्तान ज्या हवामान-माहितीवर विसंबला होता ती कित्येक तास जुनी होती, हे चौकशीत पुढे आलं. ताजा अंदाजही चुकतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये अकापुल्कोवर आदळलेलं ओटिस एका दिवसात साध्या वादळाचं पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचं हरिकेन झालं, आणि आदल्या दिवशीच्या अंदाजात ते नव्हतं. कप्तान एवढं जादा अंतर ठेवतात ते याचसाठी.

शेवटी प्रवासाच्या विम्याबद्दल. वादळाला नाव मिळालं की विमा कंपन्या त्याला 'आधीच ठाऊक असलेली घटना' धरतात. त्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळापुरती सहसा लागू होत नाही. तुमचा दावा नाकारला असेल, तर पॉलिसीची तारीख आणि वादळाला नाव दिल्याची तारीख शेजारी ठेवून बघा. पॉलिसी आधीची असेल तर 'बंदर वगळणे' हे कलम शोधा, काही पॉलिसींमध्ये प्रत्येक बंदरामागे ठरावीक रक्कम असते. वगळलेल्या बंदराचे कर आणि शुल्क तर विम्याशिवायही बहुधा परत मिळतात, पण ते पुष्कळदा जहाजावरच्या तुमच्या खात्यात जमा होतात. शेवटच्या दिवशीच्या बिलात ती ओळ आहे का, तेवढं तपासा.